प्रयागमावशींची तारीख

प्रयागमावशींकडे पेढा मागितला की वजन विचारायच्या आधी त्या विचारायच्या, "खानार कवा?"

नवखा माणूस गोंधळायचा. त्याच्या तोंडात पाव किलो की अर्धा एवढंच उत्तर तयार असायचं. "परवा पाहुणे येणारेत," असं कुणी सांगितलं, की मावशी दुकानाच्या पत्र्याच्या दाराकडे एक नजर टाकून म्हणायच्या, मग परवाच या. दारात आलेलं गिऱ्हाईक असं माघारी धाडणारी बाई अख्ख्या केज तालुक्यात मी तरी दुसरी पाहिली नाही. आणि गंमत म्हणजे ते गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, परवा परत यायचं.

मावशींचं दुकान आणि माझं मेडिकल यांच्यामध्ये एकच भिंत. युसूफ वडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, एसटी थांबते तिथंच आम्ही दोघं. माझ्या दुकानावर डिग्रीवाल्या माणसाचा बोर्ड, तोही दुसऱ्या खेपेला पास झालेल्या. त्यांच्या दुकानावर बोर्डच नाही. तरी बीडहून येणारा कंडक्टर प्रवाशांना सांगायचा, पेढेवालीपाशी उतरा. माझ्या मेडिकलचा पत्ताही लोक तसाच सांगत. पहिली दोन वर्षं मला त्याचा राग यायचा. पुढं मीच औषधाच्या एजंटला फोनवर सांगायला लागलो, पेढेवालीच्या शेजारी.

नवरा गेला तेव्हा मावशींच्या पदरात एक मुलगी आणि दावणीला तीन म्हशी होत्या. एवढाच त्यांचा इतिहास मला ठाऊक आहे, कारण त्यांनी तेवढाच सांगितला. दूध घरचं, खवा हातचा. भट्टीसमोर बसून लोखंडी उलथणं फिरवताना त्यांचा उजवा खांदा असा चालायचा की बघणाऱ्याचाच दुखावा. खव्याच्या वेळी बोललेलं त्यांना खपायचं नाही. मी एकदा सहज हवापाण्याचं काढलं, तर म्हणाल्या, "मेडिकल, तुमची गोळी कंपनीत होती. माजी हितं होतीय. गप ऱ्हावा."

त्या मला मेडिकल म्हणत. नावानं कधीच नाही.

मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुठला पेढा कुठल्या वारचा, हे त्यांच्या दुकानात लहान पोरालाही कळायचं, कारण प्रत्येक परातीला आणि प्रत्येक खोक्याला वाराचा दोरा बांधलेला असायचा. सोमवार महादेवाचा म्हणून पांढरा. मंगळवार देवीचा, तांबडा. गुरुवार दत्ताचा पिवळा. शुक्रवार गुलाबी, शनिवार काळा. बुधवार हिरवा, कारण बुधवारी आमच्या गावचा बाजार आणि रस्त्यापासून देवळापर्यंत मेथी-कोथिंबिरीचे ढीग. रविवार निळा. निळाच का, असं मी विचारलं होतं. तोच रंग उरला होता, हे उत्तर. भिंतीत सात खिळे आणि त्यांवर सात रिळं. पेढा ज्या वारी झाला त्या वाराचा दोरा. आसपासच्या दहा वस्त्यांवरच्या बायकांना हे रंग तोंडपाठ. पिवळा दोरा हाय, उन्हाळा हाय, शनिवारी दिवस बुडायच्या आत संपवा, असं सासू सुनेला सांगायची.

किती दिवस टिकणार, हे मात्र दोऱ्यात नव्हतं. ते पत्र्यात होतं. दुपारी बाराच्या सुमाराला मावशी बाहेर यायच्या आणि दुकानाच्या पत्र्याच्या दारावर उजवा तळहात टेकवायच्या. हात लगेच मागं घ्यावा लागला तर पेढा दोन दिवस. पाच आकडे मोजेपर्यंत टेकवता आला तर तीन. हात तसाच ठेवून त्या कुणाशी बोलायला लागल्या, की समजायचं थंडी आली, आता चार दिवस. नंतर आत जाऊन गिऱ्हाइकांना सांगायच्या, आजपास्नं दोन दिस. माझ्या दुकानात भिंतीवर तापमान दाखवणारं यंत्र होतं, एका कंपनीनं फुकट दिलेलं. मी हौसेनं दोन-तीन वेळा ताडून पाहिलं आणि मग नाद सोडला. यंत्र बंद पडलं तेव्हा मावशींचा तळहात चालूच होता.

एकदा माझ्या दुकानात बसल्या बसल्या त्यांनी सिरपच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. मी वाचलं, थंड व कोरड्या जागी ठेवावे. मावशींनी वर माझ्या पत्र्याकडं पाहिलं, मग बाटलीकडं.

"हिला ठावं हाय का, ती कुटं आलीय?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं, पण रात्रभर डोक्यातून ते जाईना. पंधरा दिवसांत मी दुकानाला आतून छत मारून घेतलं. गावाला वाटलं, मेडिकलवाला पैसेवाला झाला.

शेवटच्या दिवशी उरलेल्या पेढ्याचाही नेम ठरलेला. पाच वाजता मावशी परातीचा दोरा तोडायच्या, ती परात बाहेर स्टुलावर ठेवायच्या आणि एसटीची वाट बघणाऱ्या कुणालाही म्हणायच्या, खाऊन जावा. फुकट. मात्र खायचा तिथंच, उभ्या उभ्या. पुडी बांधून मिळायची नाही. दिवस बुडाला की उरलंसुरलं परसातल्या खतात. मी एकदा म्हटलं, सकाळी झाडणाऱ्या बाईला तरी देत जा. तर असं बघितलं माझ्याकडं! म्हणाल्या, "मी खानार न्हाई ते तिनं कावून खावं?" त्यानंतर दोन दिवस मला त्यांच्याकडून चहा आला नाही.

या नेमात माणसं दुखावली जायची आणि त्याची त्यांना पर्वा नव्हती, असं मी म्हणणार नाही. होती. त्यांची एकुलती एक लेक गंगासागर, गेवराईकडं तलवाड्याला दिलेली. जावई एकदा भर एप्रिलात आला आणि जाताना म्हणाला, चार किलो द्या, घरी वाटतो. परातीत जो होता त्याचा दुसरा दिवस संपत आलेला. मावशींनी नाही म्हणून सांगितलं. उद्या सकाळी ताजा करून देते, मुक्काम करा. जावयाला घाई होती. तो म्हणाला, घरच्या माणसाला कसली तारीख सांगता? मावशी म्हणाल्या की घरच्यालाच आधी सांगावी लागते. जावई उठला, एसटीत बसला आणि सहा महिने सासुरवाडीला फिरकला नाही. त्या सहा महिन्यांत गंगासागरचा फोन आला की मावशी माझ्या दुकानाच्या मागं जाऊन बोलायच्या, म्हणजे गिऱ्हाइकांना डोळे दिसू नयेत. पण आपण तेव्हा चार किलो देऊन टाकायला हवे होते, असं त्या कधीही म्हणाल्या नाहीत.

मग सरकारचा नियम आला. मिठाईच्या दुकानात सुट्ट्या मालाच्या परातीवरसुद्धा तारीख लावायची, कुठवर खायला योग्य आहे ती. बीडहून एक तरुण साहेब तपासणीला आले. कामात चोख, बोलायला मऊ. त्यांनी दोरे पाहिले, रंगांची सगळी कथा शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "आजी, हे चांगलं आहे. पण दोरा नियमात बसत नाही."

"दोरा समद्यांना कळतो," मावशी म्हणाल्या.

"तुमच्या गावाला कळतो. रस्त्यानं जाणारा गाडी थांबवून पेढा घेतो, त्याला कसा कळणार?"

मावशी वाद हरल्या की पदर खोचून कामाला लागायच्या, तशा लागल्या. साहेब मुदत देऊन गेले. ते गेल्यावर मावशी माझ्या काउंटरपाशी आल्या आणि अत्यंत नाखुशीनं म्हणाल्या, तुमी लिवून देत जावा.

त्या दिवसापासून मी त्यांचा कारकून झालो. सकाळी पेढा थंड झाला की त्या हाक मारायच्या. मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर स्केचपेननं तारीख लिहायचो आणि तो परातीत उभा करायचो. वर्ष लिहायला लागलो तर त्यांनी हरकत घेतली. पेढा काय वरीसभर टिकनार हाय का, म्हणे. नियम दाखवून मी ते वर्ष कसंबसं राखलं.

या कारकुनीत मी एकदाच हुशारी दाखवली. बीडला कोर्टाचं काम निघालं होतं, चार दिवस जाऊन-येऊन. सकाळी लवकर निघावं लागायचं म्हणून मी आदल्या दिवशी बसून चारही दिवसांचे पुठ्ठे सुबक अक्षरात लिहून ठेवले आणि मावशींना क्रम समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. पुठ्ठे हातात घेतले, एकावर एक नीट लावले आणि फाडून भट्टीत टाकले.

"उद्याचं दूध अजून म्हशीच्या कासंत हाय," त्या म्हणाल्या, "आन् तुमी त्याचं मरान लिवून ठिवलं?"

चार दिवस मी पहाटेच्या गाडीआधी येऊन, पेढा थंड होईपर्यंत त्यांच्या दारात जांभया देत बसलो. तारीख लिहिली आणि मगच बीडला गेलो.

आता उन्हाळ्यातली ती गोष्ट. ही सांगताना मला स्वतःबद्दल फारसं चांगलं सांगता येणार नाही, पण ती सोडून मावशी सांगता येत नाहीत.

निवडणूक होती. मतदान नेमकं बुधवारी. म्हणून त्या आठवड्याचा बाजार एक दिवस आधी, मंगळवारी भरवायचं ठरलं. बाजाराच्या दिवशी मावशींच्या भट्टीला उसंत नसायची; नेहमीच्या चौपट खवा. मंगळवारी पहाटे रस्त्यावर भाजीच्या गाड्या लागल्या, मेथीचे ढीग पडले, माणसांचा गलका सुरू झाला आणि मावशींचा हात सवयीनं हिरव्या रिळाकडं गेला. इतक्या वर्षांत बाजार म्हणजे बुधवार आणि बुधवार म्हणजे हिरवा. प्रत्येक खोक्याला हिरवा दोरा. मला हाक मारून म्हणाल्या, दोन दिस, शुक्कीरवार लिवा. माझ्या डोक्यावर, अगदी टाळूच्या वर, कॅलेंडर टांगलेलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. हिरव्या दोऱ्याकडे पाहिलं आणि शुक्रवारची तारीख लिहिली. त्या मेथीच्या वासात माझाही बुधवारच झाला होता.

माल संध्याकाळपर्यंत संपला. दुसऱ्या दिवशी मतदान. दुकान बंद, भट्टी बंद. गुरुवारी सकाळी मावशी भट्टी पेटवून पेढा वळून पिवळं रीळ काढायला गेल्या आणि थांबल्या. मी शटर वर करत होतो.

"मेडिकल," त्या म्हणाल्या, "हिरव्याच्या नंतर पिवळा येतो ना?"

मी म्हटलं, हो, बुधवारनंतर गुरुवार.

"काल तर भट्टीच पेटली न्हवती."

मला कळायला थोडा वेळ लागला. मंगळवारचा माल, उन्हाळ्याचे दोन दिवस, म्हणजे त्याची मुदत आज संध्याकाळी संपत होती. आणि दहा वस्त्यांवर लोक हिरव्या दोऱ्यावर विसंबून तो उद्यापर्यंत ठेवणार होते. रस्त्यावरचा कुणी नेला असेल तर तो माझ्या अक्षरावर विसंबून.

मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "एका दिवसानं काय होतंय मावशी? बहुतेकांनी खाऊन संपवला असंल. कुणाला कळणारपण नाही." म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर लोकांची पोटं नव्हती, पुठ्ठ्यावरचं माझं अक्षर होतं.

मावशी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भट्टी विझवली, हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि तडक मारुतीच्या देवळात गेल्या. देवळाच्या भोंग्यावरून आमच्या गावात हरवलेली गाय, आलेलं रेशन आणि लसीची तारीख सांगतात. पुजाऱ्यानं विचारलं, काय सांगायचं ते मला सांगा, मी बोलतो. मावशींनी माइक त्याच्या हातातून घेतला.

"मी प्रयाग पेढेवाली बोलती. मंगळवारच्या बाजारात मी जो पेढा दिला त्याला बुधवारचा हिरवा दोरा बांधला. त्यो मंगळवारचा हाय. ज्यांच्या घरी असंल त्यांनी आज दिवस बुडायच्या आत खावा, न्हाईतर मला आनून द्यावा. उद्या लेकरांना देऊ नका. दोरा म्या बांधला. चूक माजी हाय." मग थोडं थांबून, "म्हशीची न्हाई."

गाव हसलं. पण मी हसलो नाही. पुठ्ठा माझ्या हातचा होता, आणि भोंग्यावर माझं नाव आलं नव्हतं.

लोक येऊ लागले. बहुतेक नुसतं सांगायला, की मावशी, कवाच संपला. काहींनी उरलेला आणून दिला. तो मावशींनी खतात टाकला आणि बदल्यात गुरुवारचा दिला. पण एक खोकं त्यांच्या मनातून हलत नव्हतं. गावापासून चार किलोमीटरवरच्या वस्तीवरचं एक जोडपं ऊसतोडीहून नुकतंच परतलेलं. मुलगी फडावरच झालेली, तिचं बारसं गावी आल्यावर करायचं म्हणून थांबवलेलं. ते शुक्रवारी होतं. पाच किलो पेढे त्यांनी बाजारात घेतले होते, आणि मावशींनीच त्यांना बजावून सांगितलं होतं की शुक्रवारपर्यंत चालतील. भोंगा तिथवर पोचत नव्हता, आणि त्यांच्यातल्या कुणाचाच फोन लागत नव्हता.

मी मोटरसायकल काढली. एवढं तरी मला सुचलं. भर दुपारी मावशी मागं बसल्या, गाडीवर बसायची त्यांना भीती वाटायची म्हणून माझ्या शर्टाचं गच्च मुटकुळं धरून. वस्तीवर त्या मुलीच्या बापानं खोकं ओल्या पोत्याखाली गारव्याला ठेवलं होतं, दोरासुद्धा न सोडता. मावशींनी ते उचललं, झाकण किलकिलं करून हुंगलं आणि माझ्या हातात दिलं.

"अवो मावशी, उद्याच तर हाय," बाप काकुळतीला आला. "वास तर चांगला येतोय. आता ऐनवेळी कुटनं आनू?"

"उद्या नऊला दारात आनून देती," मावशी म्हणाल्या. "पोरीच्या पहिल्या कार्याला माज्या हातचं शिळं जानार न्हाई."

त्या रात्री किती वेळ उलथणं फिरलं मला माहीत नाही. शुक्रवारी सकाळी मी दुकान उघडायला आलो तर पाच किलो पेढा गुलाबी दोऱ्यात बांधून तयार, आणि मावशी गाडीची वाट बघत उभ्या. नऊला दहा मिनिटं कमी असताना आम्ही वस्तीवर होतो. बारशाला आम्हाला बसवून घेतलं. मला मनातून वाटत होतं, मुलीचं नाव आता प्रयाग ठेवतील. ठेवलं आराध्या. मावशींना ते नीट म्हणताही येईना, पण परतीच्या वाटेवर मागून दोनदा त्यांचा आवाज आला, त्या तेच घोकत होत्या.

गावात उतरल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी माजं बगून लिवलं. म्या बाजार बगून बांधलं. क्यालिंडर कुनीच बगितलं न्हाई." यात दोष कुणाला, असा सूर नव्हता. कढईला भोक कुठं पडलंय ते शोधावं तसं त्या शोधत होत्या. आणि मग म्हणाल्या, मला आकडे शिकवा.

साठीच्या पुढच्या बाईला मी एक ते एकतीस शिकवले. दुपारी, गिऱ्हाईक नसताना, माझ्या काउंटरवर, गोळ्यांच्या खोक्यांच्या पाठीवर. तीन आणि सहा त्यांना छळायचे. एक उजवीकडं तोंड करून बसतो आणि दुसरा डावीकडं, अशी त्यांची तक्रार. आठ पहिल्याच दिवशी जमला. महिन्याभरानं त्यांनी स्वतः कॅलेंडर बघून, जीभ दातांत धरून पहिला पुठ्ठा लिहिला. अक्षर वाकडंतिकडं, पण तारीख बिनचूक. तो पुठ्ठा परातीत उभा करून त्या रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या आणि तिथून बघितलं, दिसतो का. दिसत होता. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो, आणि खरं सांगतो, दुसऱ्या खेपेला पास झालो तेव्हा माझी छाती एवढी फुगली नव्हती.

दोरे त्यांनी सोडले नाहीत. दोरा आपल्या माणसाला, आकडा वाटसराला, अशी वाटणी झाली.

साहेब पुन्हा आले ते पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या उन्हात. पराती बघत बघत एका पुठ्ठ्यापाशी थांबले. त्यावरची तारीख खोडून शेजारी दुसरी लिहिलेली होती. साहेबांचा चेहरा बदलला. खाडाखोड म्हणजे काय, हे त्यांच्या धंद्यात त्यांनी बरंच पाहिलेलं.

"हे कुणी खोडलं?"

"मी," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी पुठ्ठा उचलून उन्हात धरला. खोडलेली तारीख सोळा होती. नवी होती पंधरा.

"सकाळी तीन दिस लिवलं," मावशी सांगू लागल्या. "दुपारी पत्रा बगितला तर हात ठेवंना. मग एक दिस काढला."

साहेब दारापर्यंत गेले, पत्र्यावर आपला तळहात टेकवला आणि झटकन मागं घेतला. परत आत आले. "आजी," ते म्हणाले, "तारीख पुढं ढकललेली मी रोज बघतो. मागं ओढलेली आज पहिल्यांदा बघितली."

त्यांनी अर्धा किलो पेढा मागितला. मावशींनी विचारलं, "खानार कवा?" आणि तो बीडचा अधिकारी शाळेतल्या पोरासारखा म्हणाला, आजच, घरी गेल्याबरोबर.

त्या दिवशी गावात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट मी सांगितली. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्यालाही सांगितली. मावशी भिंतीपलीकडून ऐकत होत्या आणि एकदाही गप ऱ्हावा म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचा उजवा खांदा गेला. हात वर होईना, उलथणं फिरेना. मी तेल दिलं, गोळ्या दिल्या, बीडला डॉक्टरांना दाखवलं. गावातले लोक म्हणाले, कुणाकडून तरी खवा घोटून घ्या, नाव तुमचंच राहील. मीही म्हणालो. मावशींनी दुखरा खांदा डाव्या हातानं दाबत मला समजावलं की दुसऱ्याच्या खांद्याच्या खव्याला आपली तारीख कशी लावायची? तो किती वेळ घोटला, कुठं कंटाळा केला, हे त्यांना कसं कळणार? मग ती तारीख म्हणजे नुसता आकडाच की.

म्हशी विकल्या, घेणाऱ्यानं त्या मावशी गेल्यावर न्यायच्या असं ठरलं, आणि त्यांनी दुकान बंद केलं. मावशींना न्यायला जावईच आला, तोच तो. त्यानं सात रिळं स्वतः खिळ्यांवरून काढून पिशवीत घातली आणि ती पिशवी कुणाच्या हातात दिली नाही. एसटी स्टँडवर तो कुणाला तरी सांगत होता की आमच्या सासूबाईंनी मला, जावयाला, शिळा पेढा दिला नव्हता. जन्मभराची मिरवायची गोष्ट असल्यासारखा सांगत होता.

तो दिवस बुधवार होता, खरा बुधवार, बाजाराचा. थंडीचे दिवस. निघताना मावशींनी माझ्या हातात एक लहान खोकं दिलं. त्याच पहाटे केलेला, खांदा दुखत असताना डाव्या हातानं घोटलेला, पाव किलोही नसेल. हिरवा दोरा, आणि वर त्यांच्या वाकड्या आकड्यात रविवारची तारीख. वर्षसुद्धा लिहिलं होतं. एसटी सुटली तेव्हा त्या खिडकीतून माझ्याकडे नाही, दुकानाच्या पत्र्याच्या दाराकडे बघत होत्या.

त्या खोक्यातले पेढे आम्ही घरात एकेक करून खाल्ले. शनिवारी एक उरला. बायको म्हणाली, खाऊन टाका. माझं मन होईना. आता या हातचा पेढा पुन्हा मिळायचा नाही. मी तो डबीत घालून फ्रिजमध्ये, आतल्या कोपऱ्यात ठेवून दिला. आयुष्यभर मुदत संपलेली औषधं कंपनीला परत पाठवणारा माणूस मी, पण तो एक पेढा मला ठेवायचा होता.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता तलवाड्याहून फोन आला. पोचल्याचं, म्हशी नेल्याचं, गावचं थोडं बोलून झालं.

"पेढे सपले का?" मावशींनी विचारलं.

"संपले," मी म्हणालो.

ते जरा जास्तच घाईनं निघालं.

"मेडिकल," मावशी म्हणाल्या, "जा, फ्रिज उगडा."

मी गेलो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात डबी. बाहेर उन्हं उतरली होती, अजून दिवस बुडाला नव्हता. मी पेढा तोंडात घातला. गार होता, पण चव तीच. माझं खाणं संपेपर्यंत त्या फोन धरून थांबल्या होत्या.

"कसा हाय?"

"चांगला आहे, मावशी. अगदी ताजा."

"आजपोतर," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.